बीज एक, लेख अनेक

पाऊस नुकताच स्थिरावलेला असतो, दिवाळी अजून तीन-चार महिने दूर असते आणि संपादकांचे निरोप येऊ लागतात. 'यंदाच्या अंकासाठी काहीतरी द्या, ऑगस्टअखेरपर्यंत पाठवा.' काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठीत रुजलेल्या या परंपरेने लिहिणाऱ्यांना व्यासपीठ दिले, तसाच एक पेचही दिला. मागण्या चार-पाच येतात आणि डोक्यात घोळत असलेला विषय मात्र एकच असतो. वृत्तपत्रात साप्ताहिक सदर चालविणाऱ्याची अवस्था याहून निराळी नसते. आठवडे बावन्न आणि मनापासून सांगावेसे वाटणारे विषय जेमतेम सात-आठ!

अशा वेळी लेखकापुढे दोन वाटा असतात. एक लेख लिहून, शीर्षक आणि पहिला परिच्छेद बदलून तोच दोन-तीन ठिकाणी धाडणे ही पहिली. त्या एका कल्पनेतून खरोखरच चार वेगळे लेख उभे करणे ही दुसरी. पहिली वाट सोपी आहे, तिच्यावर गर्दीही बरीच असते. प्रस्तुत लेखकानेही पत्रकारितेच्या पहिल्या वर्षांत एकदा ती धरली होती. दोन दिवाळी अंकांना एकच मजकूर किरकोळ बदल करून दिला. महिनाभराने एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. त्यात एकच ओळ होती : 'अंक दोन विकत घेतले, लेख मात्र एकच वाचला.' त्या ओळीला उत्तर नव्हते. दुसऱ्या वाटेचा शोध तेथून सुरू झाला.

विषय वेगळा, प्रश्न वेगळा

मुळात गोंधळ होतो तो विषय आणि प्रश्न यांत. 'पाणी' हा विषय आहे आणि विषयावर लेख लिहिता येत नाही. लिहू गेल्यास शालेय निबंध तयार होतो. लेख प्रश्नावर लिहिता येतो. 'माझ्या नळाला येणारे पाणी कोठून येते?' हा प्रश्न आहे. 'ते शेजारच्या वस्तीत का येत नाही?' हा दुसरा प्रश्न आहे. प्रश्न बदलला की लेखकाला वेगळ्या माणसाकडे, वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या कागदपत्रांकडे जावे लागते. मजकूर आपोआप वेगळा होतो, कारण त्यामागची पायपीट वेगळी असते. याउलट प्रश्न तोच ठेवून केवळ शब्द बदलले, तर वाचकाच्या हाती काहीही नवे पडत नाही.

हे नीट समजून घेण्यासाठी मुंबईच्या पाण्याचेच उदाहरण घेऊ. कल्पना अगदी साधी आहे : सकाळी नळ सोडला की पाणी येते, त्यामागे काय आहे? या एका बीजातून किती लेख निघू शकतात?

एका नळातून आठ लेख

पहिला लेख इतिहासाचा. विहार तलाव १८६०च्या सुमारास पूर्ण झाला. त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडक सागर, १९७३ मध्ये अप्पर वैतरणा, पुढे भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. शहर वाढत गेले, तसा पाण्याचा उगम दूर सरकत गेला. विहार आणि तुळशी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत, तर अप्पर वैतरणा थेट नाशिक जिल्ह्यात. तलावांच्या तारखा एकापुढे एक मांडल्या, तरी मुंबईच्या वाढीचा आलेख डोळ्यांपुढे उभा राहतो.

दुसरा लेख आकड्यांचा. पावसाळ्यात सात तलावांतील साठा वृत्तपत्रांत रोज छापून येतो. तो वाचायचा कसा, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. सर्व तलाव भरले म्हणजे उपयुक्त साठा सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर होतो. शहराचा रोजचा पुरवठा सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर. भागाकार केला की उत्तर येते ३७१ दिवस, म्हणजे वर्ष कसेबसे निघते. म्हणूनच १ ऑक्टोबर रोजी तलाव काठोकाठ आहेत की नाहीत, यावर पुढील उन्हाळ्यातील पाणीकपात ठरते. या साठ्यातील जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. एवढे कळले, की वाचक उद्याचा तक्ता वेगळ्या नजरेने पाहतो.

तिसरा लेख माणसाचा. मोडक सागर हे नाव हजारदा कानी पडते. पण मोडक कोण, हे ठाऊक असणारे थोडे. ना. वि. मोडक हे मुंबई महापालिकेचे अभियंते. अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर यांच्यासह १९४८ मध्ये बृहन्मुंबईचा आराखडा मांडणारे मोडक तेच. पाण्याच्या शोधात निघालेला लेखक येथे नगररचनेच्या दारात पोहोचतो.

चौथा लेख कामाचा. मुंबईत सर्वत्र एकाच वेळी पाणी येत नाही. विभागवार वेळा ठरलेल्या असतात. त्या पाळण्यासाठी पालिकेचे कर्मचारी रस्त्यारस्त्यांवरील झडपा लांब लोखंडी चावीने उघडतात आणि बंद करतात. लोक त्यांना 'चावीवाला' म्हणतात. एका चावीवाल्याबरोबर पहाटेची एक फेरी केली, तर जो लेख हाती येतो तो कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

पाचवा लेख दुसऱ्या टोकाचा. तानसा आणि भातसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरण उशाशी आणि कोरड घशाशी, ही तेथील परिस्थिती. पहिल्या लेखात तानसा ही अभियांत्रिकीची कामगिरी होती. येथे तेच तानसा एका तक्रारीचे नाव होते. दोन्ही लेख खरे आहेत. मात्र दुसरा लेख ग्रंथालयात बसून लिहिता येत नाही.

सहावा लेख हक्काचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला, तेव्हा 'पाणी कोणाचे?' हा प्रश्न जातीच्या संदर्भात विचारला गेला. शहरात तोच प्रश्न वास्तव्याच्या पुराव्याचा झाला. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले, की झोपडी अनधिकृत असली तरी तेथील माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

सातवा लेख गावठाण्याच्या खुणांचा. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावे आपण रोज उच्चारतो. तेथे पाणी मात्र दिसत नाही. नळाचे पाणी येण्यापूर्वी शहर विहिरी-तलावांवर जगत होते. पुढे तलाव बुजले, नावे उरली. गोवालिया टँकच्या भरावावरील मैदानातूनच १९४२ मध्ये 'छोडो भारत'ची हाक दिली गेली. मलबार हिलवरील हँगिंग गार्डनमध्ये फिरणाऱ्या कित्येकांना आपण पाण्याच्या जलाशयाच्या छतावर चालतो आहोत, याची कल्पनाही नसते.

आठवा लेख ललित. तोंडचे पाणी पळते, कोणी कोणाचे पाणी जोखतो, कोणी कोणाला पाण्यात पाहतो, हक्कावर पाणी सोडावे लागते आणि श्रीमंताघरी लक्ष्मी पाणी भरते. मराठी माणसाने आपला राग, मत्सर, त्याग आणि वैभव हे सारेच पाण्यात कालवून ठेवले आहे. हा लेख लिहिण्यासाठी धरणावर जावे लागत नाही, शब्दकोशाजवळ बसावे लागते.

आठ लेख झाले आणि विषय संपलेला नाही. महत्त्वाचे असे, की यातील कोणताही लेख दुसऱ्याची नक्कल नाही. एकासाठी इतिहासाची पुस्तके हवीत, एकासाठी निकालपत्र, एकासाठी पहाटे चार वाजता उठण्याची तयारी.

मोठ्यांनी हेच केले

ही युक्ती आजकालची नव्हे. दुर्गा भागवत यांच्या 'ऋतुचक्र' या १९५६ मधील पुस्तकाची कल्पना एका ओळीत सांगता येते : बारा महिन्यांतील निसर्गाचे निरीक्षण. परंतु प्रत्येक महिन्याची फुले, पाखरे, आकाश आणि लोकरूढी वेगळ्या असल्याने प्रत्येक लेखाला स्वतःचा चेहरा लाभला. येथे कालगणनेनेच लेखांची विभागणी करून दिली.

इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'मध्ये ही विभागणी व्यक्तींनी केली आहे. ग्रंथ एक, महाभारत. भूमिकाही एकच : या व्यक्तिरेखांकडे देव वा आदर्श म्हणून न पाहता माणसे म्हणून पाहायचे. मग गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण, कृष्ण अशा एकेका व्यक्तीला तोच प्रश्न विचारला गेला आणि दर वेळी उत्तर निराळे आले. या पुस्तकाला १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

पु. ल. देशपांडे यांनी तिसरा मार्ग दाखविला, तो माध्यम बदलण्याचा. 'बटाट्याची चाळ' १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि १९६१ पासून पुलंनी तिचा बहुरूपी प्रयोग रंगभूमीवर सादर केला. चाळ तीच, रहिवासीही तेच. परंतु छापील वाक्य वाचताना येणारे हसू आणि एकच नट क्षणाक्षणाला माणसे बदलताना पाहून येणारे हसू यांची जात वेगळी होती. कागदावरचे जसेच्या तसे उचलून रंगमंचावर ठेवले असते, तर प्रयोग म्हणजे निव्वळ वाचन झाले असते.

काळ, व्यक्ती, माध्यम. वर पाण्याच्या उदाहरणात आपण स्थळ आणि बाजूही बदलली. एका कल्पनेला फुटणाऱ्या फांद्या प्रामुख्याने या पाच आहेत.

कायदा आणि विश्वास

अशा लेखनाला कायद्याची हरकत आहे काय? भारतीय कॉपीराइट कायदा १९५७चा आहे आणि तो कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या मांडणीला देतो. 'हम हिंदुस्तानी' या नाटकाचे लेखक आर. जी. आनंद यांनी 'न्यू दिल्ली' या १९५६ मधील चित्रपटावर दावा लावला होता. प्रांताभिमान हा दोहोंचाही विषय होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निकाल दिला, की कल्पना वा विषय यांवर कोणाचीही मालकी नसते. प्रश्न असतो तो मांडणी उचलली गेली आहे का, एवढाच. तेव्हा एकाच कल्पनेवर दहा लेख लिहिण्यास लेखक मोकळा आहे. मात्र वृत्तपत्रात नोकरी करणाऱ्याने एक तरतूद ध्यानात ठेवावी. वेगळा करार नसेल, तर नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला मजकूर वृत्तपत्र-नियतकालिकांत छापण्याचा हक्क मालकाकडे असतो; पुस्तकासारखे अन्य हक्क लेखकाकडे राहतात. म्हणजेच आपलाच लेख दुसऱ्या अंकाला देताना तो आपला असतोच, असे नाही.

परंतु खरा प्रश्न कायद्याचा नाही. पुनर्मुद्रण हा गुन्हा नव्हे. जुना लेख 'पूर्वप्रसिद्ध' अशी नोंद करून पुन्हा छापला, तर कोणाचीच फसवणूक होत नाही. फसवणूक होते ती जुने नवे म्हणून विकताना. संपादक एखादे वेळी फसतो. सर्व अंक आवडीने विकत घेणारा वाचक सहसा फसत नाही. तो पोस्टकार्डही क्वचितच पाठवतो. पुढच्या वर्षी ते नाव दिसले की पान उलटतो, एवढेच.

याची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. केवळ लेखनावर गुजराण करणाऱ्याला मिळणारे मानधन सहसा तुटपुंजे असते. एका लेखासाठी आठ दिवस फिरावे आणि हाती प्रवासखर्चही येऊ नये, असा अनुभव अनेकांचा आहे. अशा लेखकाने केलेली पायपीट एकदाच वापरावी, असा आग्रह धरणे अन्यायाचे ठरेल. उलट, शहापूरच्या एका फेरीत दोन लेखांची सामग्री गोळा करणे हाच शहाणपणा आहे. मात्र ती गोळा करतानाच दोन वहीपाने वेगळी असावीत, दोन प्रश्न वेगळे असावेत. परत आल्यावर एका लेखाचे दोन तुकडे करणे निराळे आणि जातानाच दोन लेख मनात घेऊन जाणे निराळे.

लिहिण्यापूर्वी पाच कसोट्या

१. नव्या लेखाचा प्रश्न एका वाक्यात लिहून पाहावा. तो आधीच्या लेखाच्या प्रश्नासारखाच असेल, तर लेख अजून तयार नाही.

२. या लेखासाठी मी कोणत्या नव्या माणसाशी बोललो, कोणत्या नव्या जागी गेलो वा कोणता नवा कागद वाचला? उत्तर 'काहीच नाही' असेल, तर थांबावे.

३. आधीच्या लेखातील माहिती पुन्हा द्यावी लागत असेल, तर ती दोन वाक्यांत आटोपावी. तिच्यावर परिच्छेद खर्चू नये.

४. माध्यम बदलताना मजकूर नव्याने बेतावा. छापील लेख ध्वनिक्षेपकापुढे वाचून दाखविल्याने त्याचे भाषण होत नाही.

५. दोन्ही लेख एकाच वाचकाच्या हाती पडणार आहेत, असे धरूनच लिहावे.

यातील शेवटची कसोटी सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयुक्त आहे. ते पोस्टकार्ड आजही प्रस्तुत लेखकाच्या टेबलाच्या खणात आहे. नव्या लेखाला बसताना ते बाहेर काढून समोर ठेवावे लागते. दुसरा अंक विकत घेणाऱ्यालाही त्यात दुसरा लेख मिळाला पाहिजे, एवढेच ते सांगते.