गळक्या वेष्टनाची कॉइल

मोटार रिवाइंड करणाऱ्या दुकानात वाइंडिंग झाले की कॉइलला वार्निश पाजतात आणि भट्टीत सुकवतात. तारांमध्ये फट राहू नये म्हणून ही खटपट. जिनिव्हाजवळ, फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या सीमेखाली, सर्नच्या २७ किलोमीटरच्या वर्तुळाकार भुयारात १२३२ द्विध्रुवी चुंबक आहेत. त्यांच्या कॉइलच्या वेष्टनात मात्र फटी मुद्दाम ठेवल्या आहेत. प्रोटॉनांच्या झोतांची टक्कर घडवणारे हे यंत्र, लार्ज हॅड्रॉन कोलायडर, म्हटले की सगळे हिग्ज कणाचे बोलतात. मला विचाराल तर अर्धी कारागिरी या फटींत आहे.

असा एक चुंबक १५ मीटर लांब असतो. नायोबियम-टायटॅनियमच्या केबलमधून जवळजवळ १२ हजार अँपिअर प्रवाह जातो आणि ८.३३ टेस्लाचे क्षेत्र उभे राहते. अतिवाहक तारेला रोध नसतो, त्यामुळे स्थिर प्रवाहाने ती तापत नाही. उष्णता वेगळ्याच वाटांनी येते. झोतातून भरकटलेले प्रोटॉन कॉइलमध्ये शिरतात, क्षेत्र चढवताना केबलमध्ये भोवरी प्रवाह उठतात, एखादी तार किंचित सरकली तर घर्षण होते. हे सारे किरकोळ वाटेल. पण एवढ्या थंडीत धातूची उष्णता पोटात घेण्याची ताकद जवळजवळ संपलेली असते. घन सेंटीमीटरमागे काही मिलिज्यूल एकदम पडले तरी तापमान उसळते, अतिवाहकता जाते आणि चुंबक बंद करावा लागतो. याला क्वेंच म्हणतात.

इथे हेलियम कामाला येतो. द्रव हेलियम २.१७ केल्विनच्या खाली अतिप्रवाही होतो. सर्नने चुंबक १.९ केल्विनवर, म्हणजे उणे २७१.३ अंश सेल्सिअसवर ठेवले, कारण त्या सुमारास तो उत्तम तांब्याच्या सुमारे हजारपट उष्णता वाहतो. त्याला चिकटपणा जवळपास नसतो, म्हणून तो केबलच्या तारांमधल्या पोकळ्यांतही शिरतो. तिथे त्याला जेमतेम पाच टक्के जागा मिळते. पण आकारमानास आकारमान धरले तर त्याची उष्णताधारकता केबलच्या सुमारे दोन हजारपट आहे.

अडचण वेष्टनाची. पॉलिइमाइडची पट्टी वीज अडवते, तशी उष्णताही अडवते. शिवाय घन पदार्थातून हेलियममध्ये उतरताना उष्णतेला तापमानाची एक पायरी ओलांडावी लागते. तिला कापित्सा रोध म्हणतात, अतिप्रवाहितेच्या शोधकर्त्यांपैकी एक असलेल्या कापित्साच्याच नावाने. म्हणून पट्ट्यांचे दोन थर एकावर एक चढवले आणि वरची तिसरी, चिकट पट्टी दोन-दोन मिलिमीटर जागा सोडून गुंडाळली. विजेला या वाटेने जाता येत नाही, हेलियमला येते. कॉइलमधली उष्णता या अरुंद वाटांतून बाहेर पडते, कॉइल आवळून धरणाऱ्या पोलादी कॉलरच्या चकत्यांमधून पुढे सरकते आणि लोखंडी गाभ्यातल्या तांब्याच्या नळीपाशी पोहोचते. नळीत अत्यंत कमी दाबाखाली उकळणारा हेलियम ती घेऊन जातो. चुंबकाभोवतीचा हेलियम मात्र जागचा हलत नाही. पंपाने फिरवावा लागत नाही, हे मला या रचनेतले सर्वांत देखणे वाटते.

आता टकरींची संख्या वाढवायची आहे. ॲटलास आणि सीएमएस या प्रयोगांच्या दोन्ही बाजूंना, जिथे टकरींचा कचरा सर्वाधिक पडतो, तिथे नायोबियम-टिनचे नवे चुंबक बसायचे आहेत. हा पदार्थ जास्त क्षेत्र सोसतो, पण ठिसूळ आहे. कॉइल गुंडाळून ६५० अंशांच्या आसपास भाजायची आणि मग इपॉक्सीत मुरवायची, म्हणजे पुन्हा रिवाइंडिंगवाल्याचीच रीत. केबलमध्ये हेलियमला वाव नाही. उष्णता राळेतूनच झिरपत बाहेर येणार. तिला उचलायला कॉइलच्या आतल्या बाजूला हेलियमची पातळ कडी ठेवली आहे आणि गाभ्यात एकाऐवजी दोन नळ्या. नायोबियम-टिनला जुन्याहून जास्त तापमान सोसते, म्हणूनच हे परवडते.

भुयाराच्या कमानींतले जुने चुंबक मात्र त्याच गळक्या वेष्टनासह जागेवर राहणार आहेत.