माणसाच्या तासाचा हिशोब

न्हावा शेवाच्या बंदरात वेळेची नोंद काटेकोर ठेवतात. जहाज धक्क्याला कधी लागलं, कंटेनर गेटातून कधी आत आला, यार्डात किती दिवस पडून राहिला, हे सगळं कागदावर असतं आणि मुदत उलटली की पैसे चढायला लागतात. वीस फुटी कंटेनरच्या मापाने मोजलं तर वर्षाला 70 लाखांहून अधिक डबे इथून ये-जा करतात. तिथे असा हिशोब ठेवावाच लागतो. पण हे डबे हलवणारी, त्यांची कागदपत्रं घेऊन धावणारी माणसं कामावर पोहोचेपर्यंत किती वेळ नुसती उभी असतात, हे कुणी मोजत नाही. ते पाहायचं म्हणून मी मुंबईहून तिकडे जाताना लोकल धरली आणि परतताना लाँच.

सीएसएमटीहून हार्बरची गाडी निघाली की बराच वेळ जुन्या बंदराच्या कडेने जाते. डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी. 1880 साली प्रिन्सेस डॉक सुरू झाला, पुढे व्हिक्टोरिया आणि अलेक्झांड्रा गोद्या आल्या आणि या पट्ट्यात गोदीचं काम व कामगाराची खोली यांत फार अंतर राहिलं नाही. 26 मे 1989 रोजी न्हावा शेवाचं हे बंदर, म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदर, सुरू झालं आणि काम हळूहळू खाडीपलीकडे सरकलं. मालगाड्या पनवेलमार्गे बंदरापर्यंत जाऊ लागल्या. प्रवासी लोकल मात्र नोव्हेंबर 2018 मध्ये खारकोपरपर्यंत आणि 12 जानेवारी 2024 रोजी उरणपर्यंत पोहोचली. डब्याला रूळ मिळाल्यानंतर माणसाला मिळायला तीन दशकांहून जास्त काळ गेला.

उरणची गाडी सीएसएमटीहून थेट नाही. नेरूळ किंवा बेलापूरला बदलावी लागते. गाडी बदलायला दोन मिनिटं पुरतात. वेळ जातो तो पुढच्या गाडीची वाट बघण्यात. मार्ग उरणपर्यंत सुरू झाला तेव्हा दोन्ही दिशांच्या मिळून दिवसाला 40 फेऱ्या होत्या, त्याही नेरूळ आणि बेलापूर अशा दोन ठिकाणांत वाटलेल्या. पुढे थोडी भर पडली. तरीही हार्बरची गाडी पाच मिनिटं मागे पडली तर उरणची निघून जाते. म्हणून नेरूळला हार्बरची गाडी थांबायच्या आतच माणसं दारात येतात. उतरल्याबरोबर नजर इंडिकेटरकडे, मग जिन्याकडे धाव. गाडी उभी असेल तर धावण्याचं चीज होतं. नसेल तर बाकावर डबा उघडला जातो, कारण पुढे खायला फुरसत नसते.

गाडी उलव्याच्या बाजूला वळली की दोन्हीकडे खारफुटी आणि खाजण दिसतं. बामणडोंगरी आणि खारकोपरला नव्या इमारतींतले लोक उतरून जातात. मागे उरतात त्यांचं काम पायांवरूनच कळतं: सेफ्टी शूज, पिशवीतून डोकावणारं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. क्लिअरिंग एजंटाकडची पोरं छातीशी फायली धरून बसतात. खिडकीतून रचलेले कंटेनर दिसू लागतात, मग लांबवर क्रेन.

न्हावा शेवा स्टेशनवर उतरणाऱ्या नवख्याला वाटतं, बंदर आलं. पण गेट अजून काही किलोमीटर लांब असतं आणि यार्डं तर चहूकडे विखुरलेली. स्टेशनचं नाव न्हावा शेवा असलं तरी न्हावा गावाला जायचं तर गव्हाणच्या बाजूने आधीच वळावं लागतं. स्टेशनबाहेर रिक्षा आणि मिनीडोर उभ्या असतात. मी बसलो त्या गाडीत तीन सीट कमी होत्या. मागच्या सीटवरच्या बाईंनी घाई केली तेव्हा चालक म्हणाला, "ताई, भरल्याबिगर परवडत नाय." त्याचंही खरं होतं. डिझेल त्याच्या खिशातलं आणि पुढची लोकल बऱ्याच वेळाने. रस्त्यावर ट्रेलरची रांग लागली होती; गाडी तिच्या कडेकडेने, धुळीतून पुढे सरकत होती. बाई घड्याळ बघत होत्या. उशीर झाला तर हजेरी जाते, असं त्या म्हणाल्या.

परतीला उरणहून मोरा बंदर गाठलं. मोरा ते भाऊचा धक्का ही लाँच पिढ्यान्‌पिढ्या उरणकरांची मुंबईची वाट आहे. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद होतात, ही मात्र जमेल तशी चालू राहते. तिचं वेळापत्रक समुद्र ठरवतो. मोऱ्याला गाळ इतका साचतो की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या काही तास थांबतात. नेहमीचे प्रवासी तिथी बघून निघतात. लाँच सुटली की उजव्या हाताला घारापुरीचा डोंगर आणि जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या. साधारण तासाभरात मुंबई. धक्क्यावरून डॉकयार्ड रोड स्टेशन चालत गाठता येतं.

या सगळ्याच्या उत्तरेला, शिवडी ते चिर्ले, 21.8 किलोमीटरचा अटल सेतू उभा आहे. मोटारीला तो वीसेक मिनिटांत पार होतो. पण त्यावर दुचाकी चालत नाही, रिक्षा चालत नाही. बेस्टने जानेवारी 2024 मध्ये एस-145 ही बस सेतूवरून सुरू केली, ती कफ परेडहून बेलापूरच्या कोकण भवनला जाते. बंदराच्या पाळीवर हजर व्हायचं त्याला तिचा फारसा उपयोग नाही.

ज्या जमिनीवर बंदर आणि भोवतालचं हे सगळं उभं राहिलं, तिच्यासाठी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. शेवा गाव आणि शेवा कोळीवाडा बंदरासाठी उठले. या मुलखाने इतकं दिल्यावर त्याने वेळेवर येणारी गाडी मागणं अवाजवी नाही. नवा पूल किंवा नवा रूळ लागतोच असं नाही. आहेत त्या वाटा एकमेकींना जोडल्या तरी पुष्कळ होईल: प्रत्येक लोकलला धरून गेटापर्यंत बस, पाळ्यांच्या वेळेनुसार जादा फेऱ्या, मोऱ्याचा गाळ वेळच्या वेळी उपसणं, लोकल-बस-लाँच मिळून एकच पास. कंटेनर मुदतीपेक्षा जास्त थांबला की कुणाला तरी पैसे मोजावे लागतात, म्हणून तो थांबू नये याची व्यवस्था होते. माणसाच्या थांबण्याची किंमत आज तो स्वतःच हजेरीतून मोजतो. ती मोजण्याची जबाबदारी वाहतूक चालवणाऱ्यांवर आली, तर ही व्यवस्थाही होईल.