नवा लॅपटॉप : आज की उद्या?

बारावीचे निकाल आणि महाविद्यालयीन प्रवेश यांच्या मधल्या दिवसांत दुर्ग-भिलाई परिसरातील मोहन नगरसारख्या वस्त्यांमधून एक प्रश्न घरोघरी चर्चिला जातो. मुलांसाठी लॅपटॉप आताच घ्यावा, की आणखी काही महिने थांबावे? दुकानदार म्हणतो, आजच घ्या. शेजारचे जाणकार म्हणतात, नवा प्रोसेसर येऊ घातला आहे, दिवाळीपर्यंत धीर धरा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते आणि म्हणूनच निर्णय लांबणीवर पडतो.

वास्तविक या परिसराला असा प्रश्न नवा नाही. भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ च्या फेब्रुवारीत करार झाला, त्या वेळी पोलादनिर्मितीचे तंत्रज्ञानही कूस बदलत होते. ऑस्ट्रियातील लिंझ येथे १९५२ मध्ये ऑक्सिजनच्या झोताने पोलाद तयार करण्याची पद्धत औद्योगिक प्रमाणावर सुरू झाली होती. जुन्या ‘ओपन हार्थ’ भट्टीत एका घाण्याला कित्येक तास लागत. नव्या पद्धतीत तेच काम तासाभराच्या आत होई. जर्मन साहाय्याने उभारलेल्या राउरकेल्याने नवी पद्धत स्वीकारली. भिलाईने मात्र सोव्हिएत अभियंत्यांच्या हातात पूर्ण मुरलेली ओपन हार्थ भट्टीच पत्करली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि पुढे देशाच्या रेल्वेला लागणारे रूळ येथूनच जाऊ लागले. जुन्या पद्धतीचा इंधनखर्च कालांतराने भारी पडला, हे नाकारता येत नाही. तथापि देशाला रूळ तेव्हाच हवे होते. कारखान्याची क्षमता ४० लाख टनांपर्यंत वाढविताना ऑक्सिजन पद्धतीचा नवा विभाग उभा राहिला, तरी जुना लगेच मोडीत निघाला नाही. पुढे कित्येक वर्षे दोन्ही विभाग शेजारी शेजारी चालले.

पोलादाची भट्टी काही दशके चालते आणि लॅपटॉप पाच-सहा वर्षे, हा फरक मोठाच आहे. परंतु विचाराची दिशा तीच राहते. बाजारात पुढे काय येणार आहे, यापेक्षा हातात आज काय आहे आणि काम कधी अडणार आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

हिशेब मांडून पाहू. ५०,००० रुपयांचा लॅपटॉप पाच वर्षे वापरला आणि शेवटी त्याचे ५,००० रुपये आले असे धरले, तर वर्षाला ९,००० म्हणजे महिन्याला ७५० रुपये खर्च पडतो. घरात चालू स्थितीतील जुना लॅपटॉप असेल, तर खरेदी जितके महिने पुढे जाईल तितका हा खर्चही लांबतो. शिवाय तेवढ्याच पैशांत अधिक चांगले यंत्र मिळण्याचा संभव असतो. अशा घराने खुशाल थांबावे. संथ झालेल्या यंत्रात जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली, मेमरी वाढविली, बॅटरी बदलली, तर काही हजार रुपयांत ते आणखी दोन-तीन वर्षे काम देते. याउलट, अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला आहे आणि घरात यंत्रच नाही, अशा विद्यार्थ्याने तीन-चार हजार वाचविण्यासाठी पहिले सत्र मित्राच्या लॅपटॉपवर काढणे हा तोट्याचाच व्यवहार होय. त्या सत्राची किंमत कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही.

‘थांबले की स्वस्त मिळते’ हे गृहीतकही नेहमी खरे ठरत नाही. २०११ मध्ये थायलंडमध्ये महापूर आला, हार्ड डिस्क बनविणारे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्कच्या किमती वाढल्या. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदा-केंद्रांकडून मागणी आल्यामुळे मेमरी चिपांचे भाव भराभर चढले. सणासुदीच्या सवलतीची वाट पाहणाऱ्यांच्या हिशेबात असे काही कधीच नसते.

यंत्र जुने केव्हा झाले म्हणावे? पूर्वी वेग हे त्याचे माप होते. आज लेखन, हिशेब, ऑनलाइन वर्ग एवढ्या कामांना सात-आठ वर्षांपूर्वीचे यंत्रही पुरते. (२०१७-१८ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकरासाठी संगणकावरील घसाऱ्याचा दर ६० वरून ४० टक्क्यांवर आला, म्हणजे कायद्याच्या नजरेतही संगणक पूर्वीपेक्षा सावकाश जुना होऊ लागला, असे गमतीने म्हणता येईल.) खरी मुदत आता सुरक्षा-सुधारणांवर अवलंबून असते. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढील विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि, इंटेलच्या बाबतीत, बहुतांशी आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आवश्यक ठरला. परिणामी २०१८ मध्ये सवलतीच्या मोहाने सातव्या पिढीचे यंत्र घेणाऱ्याची वाट अडली, तर त्याच वर्षी थोडे अधिक मोजून आठव्या पिढीचे घेणाऱ्याला पुढचा मार्ग मोकळा राहिला. मागील वर्षीचे मॉडेल घेण्यात काहीच गैर नाही, किंबहुना पुष्कळदा तेच शहाणपणाचे असते. फक्त त्याला सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार, हे आधी विचारून घ्यावे.

बँकेच्या ग्राहकाला ही बाब विशेष लागू पडते. ज्या यंत्रावर नेट बँकिंगचा पासवर्ड टाकला जातो, त्याच्या सुरक्षेतील छिद्रे बुजविणारा कोणी उरला नसेल, तर ते कितीही वेगाने चालले तरी बदललेच पाहिजे. बँकांनाही हा धडा गिरवावा लागला आहे. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तरी अनेक एटीएम त्याच प्रणालीवर चालत होती. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून सर्व एटीएम जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने आधार असलेल्या प्रणालीवर नेण्याचा आदेश दिला.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. अभ्यासक्रमासाठी आवश्यक असल्यास संगणकाची वाजवी किंमत शैक्षणिक कर्जात धरता येते, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. मात्र येथे एक गोष्ट नीट पाहावी. शैक्षणिक कर्जाची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होते आणि ती पंधरा वर्षांपर्यंत चालू शकते. लॅपटॉप तोवर कधीच निवृत्त झालेला असतो. उदाहरणादाखल व्याजदर १० टक्के मानला, तर लॅपटॉपच्या ५०,००० रुपयांवर चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि नंतरचे एक वर्ष मिळून २५,००० रुपये सरळ व्याज साचते. त्या ७५,००० रुपयांची फेड दहा वर्षांत करायची म्हटली, तर सुमारे ९९१ रुपयांचे १२० हप्ते होतात, म्हणजे एकूण जवळजवळ १ लाख १९ हजार रुपये. पहिल्याच महिन्यापासून केवळ व्याज, म्हणजे दरमहा सुमारे ४१७ रुपये, भरत गेल्यास पाच वर्षांनंतरही मुद्दल ५०,००० वरच राहते, आणि शिक्षणकाळात असे व्याज भरणाऱ्यांना काही बँका दरात १ टक्का सवलतही देतात. अर्जासोबत लॅपटॉपचे दरपत्रक जोडतानाच या सवलतीची चौकशी शाखेत करून घ्यावी.