चढावाची परीक्षा : विजेच्या वाहनासाठी मोटरची निवड

रायगड जिल्ह्यातील माथेरान हे गाव मोटारगाड्यांना मज्जाव असलेले थंड हवेचे ठिकाण म्हणून सर्वपरिचित आहे. डोंगरावर येणाऱ्या गाड्या दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. तेथून पुढे पायी चालणे, घोडा आणि हातरिक्षा हीच साधने पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि वाहनबंदीला अधिकच बळकटी आली. या बंदीने डोंगराची हवा शुद्ध राहिली, झाडी टिकली. परंतु माणसाने माणसाला ओढून नेण्याची प्रथाही तिच्या आडोशाने टिकून राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये येथे विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रायोगिक वापर करण्यास अनुमती दिली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये, ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत असल्याचे सांगून, हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात आणि हातरिक्षाचालकांना ई-रिक्षा भाड्याने उपलब्ध करून देण्याची योजना आखावी, असा आदेश न्यायालयाने दिला.

हातरिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या खांद्यावरचा भार अशा रीतीने विजेच्या मोटरवर जावयाचा आहे. तथापि हा भार कोणतीही मोटर पेलू शकेल असे नाही. सपाट शहरात वर्षानुवर्षे विनातक्रार चालणारी मोटर डोंगरावर एकाच हंगामात जळून जाऊ शकते. तसे झाल्यास नुकसान होते ते ज्याची रोजची मिळकत त्या वाहनावर अवलंबून आहे त्याचे. म्हणून मोटरची निवड कशी करावी, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांपुरता मर्यादित राहत नाही. माथेरानचे उदाहरण समोर ठेवून त्याचा विचार केला, तर कोणत्याही घाटरस्त्यावरील वाहनाला लागू पडणारी तत्त्वे स्पष्ट होतात.

चढाची किंमत

मोटरच्या निवडीचा आरंभ मोटरच्या माहितीपत्रकापासून न होता रस्त्यापासून व्हावयास हवा. असे समजू या की, चालक आणि प्रवासी यांच्यासह एका तीनचाकी वाहनाचे एकूण वजन ८०० किलोग्रॅम आहे. सपाट पण खडबडीत रस्त्यावर चाकांना होणारा अडथळा वजनाच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतका असतो. म्हणजे हे वाहन चालते ठेवण्यास १६ किलो वजनाइतकी ओढ पुरते. वेग कमी असल्यामुळे हवेचा विरोध नगण्य असतो.

आता हेच वाहन दहास एक या प्रमाणातील चढावर, म्हणजे दर १० मीटर अंतरास १ मीटर उंची गाठणाऱ्या रस्त्यावर आले, तर वजनाचा दहावा भाग त्याला मागे खेचू लागतो. पूर्वीच्या १६ किलोंत आणखी ८० किलोंची भर पडते आणि एकूण ओढ ९६ किलो, म्हणजे सहापट होते. ताशी १२ किलोमीटर वेगाने जाण्यास सपाटीवर चाकांपाशी अर्धा किलोवॅट शक्ती लागत होती. त्याच वेगाने हा चढ चढण्यास तीन किलोवॅटहून थोडी अधिक शक्ती लागते.

चढाची ही किंमत जुन्या अभियंत्यांना चांगली ठाऊक होती. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान रेल्वेमार्गाचा चढ विसास एक एवढा आहे. तेवढ्यासाठी हा मार्ग डोंगराच्या अंगाने असंख्य वळणे घेत नेण्यात आला. पायवाटेला आणि गावातल्या रस्त्याला अशी मुभा नसते. तेथे चढ जसा असेल तसाच स्वीकारावा लागतो, आणि त्याला पुरे पडण्याचे काम मोटरला करावे लागते.

शक्ती आणि टॉर्क

मोटर खरेदी करताना बहुधा एकच आकडा विचारला जातो, तो किलोवॅटचा. परंतु वाहन चढावर थांबले असता त्याला पुन्हा हलविते ते मोटरचे पिळबल, ज्याला तंत्रज्ञ टॉर्क म्हणतात. शक्ती ही टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांच्या गुणाकाराने ठरते. त्यामुळे समान शक्तीच्या दोन मोटरींपैकी एक जोरात फिरणारी पण हलक्या ताकदीची, तर दुसरी संथ पण जोरकस असू शकते.

वरील वाहनाच्या चाकाची त्रिज्या २३ सेंटिमीटर धरल्यास, दहास एक चढावर चाकांना सुमारे २१६ न्यूटन-मीटर टॉर्क द्यावा लागतो. मोटर आणि चाक यांच्यामध्ये दहास एक गुणोत्तराचा गिअर असेल, तर त्यातील घर्षणाचा वाटा धरून मोटरला केवळ २४ न्यूटन-मीटर टॉर्क निर्माण करावा लागेल. गिअरचे गुणोत्तर सहास एक असेल, तर हाच आकडा ४० वर जातो. गिअर नसलेली मोटर चाकातच बसविली, तर सर्व भार तिलाच उचलावा लागतो. चाकातील मोटर रचनेला सोपी, आवाजाला कमी आणि सपाटीवरील हलक्या दुचाकीला सोयीची असते. परंतु भरलेल्या तीनचाकीला चढावर नेण्यासाठी ती फार मोठी व जड करावी लागते, आणि खडबडीत रस्त्यावरचे हादरेही तिलाच सोसावे लागतात.

याहून कठीण प्रसंग म्हणजे सर्वांत तीव्र चढावर थांबून पुन्हा निघण्याचा. सातास एक चढावर, भरलेले वाहन जागेवरून हलवून त्याला थोडी गती द्यावयाची झाल्यास १५० किलोंहून अधिक ओढ लागते. वरील गिअर असताना मोटरला काही क्षण ३९ न्यूटन-मीटरपर्यंत टॉर्क द्यावा लागतो. हा कमाल टॉर्क देण्याची क्षमता नसेल, तर वाहन पुढे जाण्याऐवजी मागे घरंगळण्याचा धोका असतो.

कायद्याची मर्यादाही येथे विचारात घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनुसार ई-रिक्षाची शक्ती ४,००० वॅटपेक्षा अधिक नसावी. आपल्या उदाहरणातील वाहनाने दहास एक चढ ताशी १२ किलोमीटर वेगाने चढावयाचा असल्यास मोटरला सुमारे साडेतीन किलोवॅट शक्ती द्यावी लागते. हाच वेग १५ किलोमीटर करावयाचे ठरविल्यास ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजेच डोंगरावर वेगाचा हव्यास सोडणे आणि गिअरचे गुणोत्तर वाढविणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

खरा शत्रू उष्णता

मोटर जळते ती ताकद कमी पडली म्हणून नव्हे, तर उष्णता बाहेर टाकता आली नाही म्हणून. तांब्याच्या गुंडाळीत निर्माण होणारी उष्णता विद्युत्‌ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. टॉर्क दुप्पट झाला की प्रवाह साधारणतः दुप्पट होतो आणि उष्णता चौपट. वर गिअरच्या दोन गुणोत्तरांची तुलना केली, तीत २४ ऐवजी ४० न्यूटन-मीटर देणारी तीच मोटर सुमारे पावणेतीनपट अधिक तापेल. गुंडाळीच्या आवरणालाही सीमा आहे. ‘एफ’ वर्गाचे आवरण १५५ अंश सेल्सिअसपर्यंत, तर ‘एच’ वर्गाचे १८० अंशांपर्यंत टिकते. या सीमेपलीकडे दर दहा अंशांच्या वाढीबरोबर आवरणाचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा अभियांत्रिकीतील ठोकताळा आहे.

म्हणूनच प्रत्येक मोटरला दोन शक्ती असतात : एक काही सेकंद देता येणारी कमाल शक्ती आणि दुसरी सतत देता येणारी शक्ती. जाहिरातीत पहिली मोठ्या अक्षरांत छापलेली असते, चढाला मात्र दुसरी उपयोगी पडते. भारतातील वाहन उद्योगाच्या ‘एआयएस ०४१’ या मानकात मोटरची निव्वळ शक्ती आणि ३० मिनिटे टिकणारी कमाल शक्ती मोजण्याची पद्धत दिलेली आहे. अशा चाचण्या करणारी ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था पुण्यातच आहे. ग्राहकाने विक्रेत्याकडे ३० मिनिटांच्या शक्तीचा आकडा मागावा आणि तो आपल्या चढाच्या हिशेबाशी ताडून पाहावा.

बॅटरीचा दाबही या हिशेबात येतो. ४ किलोवॅट शक्ती घेण्यास ४८ व्होल्टच्या बॅटरीतून ८३ अँपिअर, तर ७२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ५५ अँपिअर प्रवाह लागतो. त्याच जाडीच्या तारांतून ७२ व्होल्टचा वापर केल्यास तारांतील उष्णता निम्म्याहूनही कमी होते.

मोटरचे प्रकार

विजेने वाहने ओढण्याचा अनुभव मुंबईला नवा नाही. १९०७ ते १९६४ या काळात शहरात विजेच्या ट्राम धावल्या, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची उपनगरी गाडी सुरू झाली. त्या काळातील डीसी सीरिज मोटर निघतानाच मोठा टॉर्क देत असे, हा तिचा गुण. परंतु तिच्या कार्बन ब्रशांची झीज होते, ठिणग्या उडतात आणि देखभाल वरचेवर करावी लागते. तांबडी धूळ व धुवाधार पाऊस असलेल्या डोंगरावर ही उणीव अधिक जाणवते.

इंडक्शन मोटरमध्ये ब्रश नसतात, चुंबकही नसतात. ती दणकट, तुलनेने स्वस्त आणि उष्णता सोसणारी असते. उपनगरी गाड्यांतही पुढे थ्री-फेज इंडक्शन मोटरींनी डीसी मोटरींची जागा घेतली. मात्र समान शक्तीसाठी तिचे वजन अधिक होते, आणि संथ वेगात मोठा टॉर्क देताना तिच्या रोटरमध्येही उष्णता निर्माण होते.

कायम चुंबक असलेल्या मोटरी, ज्यांत बाजारात ‘बीएलडीसी’ आणि ‘पीएमएसएम’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या मोटरी येतात, त्या वजनाने हलक्या, ताकदीने अधिक आणि विजेचा अपव्यय कमी करणाऱ्या असतात. एकाच भारणीत अधिक फेऱ्या मिळत असल्याने लहान वाहनांत त्यांचाच वापर मोठ्या प्रमाणावर होतो. त्यांतील ‘पीएमएसएम’ मोटर संथ वेगात अधिक सुरळीत चालते, त्यामुळे चढावर हिसके बसत नाहीत. परंतु नियोडिमियमचे साधे चुंबक ८० अंशांच्या पुढे आपले सामर्थ्य गमावू लागतात. ते अधिक तापमानात टिकावेत म्हणून त्यांत डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळावे लागते. हे दुर्मिळ मृदा धातू प्रामुख्याने चीनमधून येतात. एप्रिल २०२५ मध्ये त्या देशाने त्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा भारतातील वाहन उद्योगालाही त्याची झळ लागली. त्यामुळे चुंबकाविना चालणाऱ्या रिलक्टन्स मोटरींकडे आणि साध्या फेराइट चुंबकांच्या मोटरींकडे अभियंत्यांचे लक्ष पुन्हा वळले आहे.

उतरणीचा विचार

चढ चढलेले वाहन परत उतरतेही. उतारावर मोटर जनित्राचे काम करून बॅटरीत वीज परत भरू शकते. ८०० किलोंचे वाहन १०० मीटर उंच नेण्यास किमान ०.२२ युनिट वीज लागते, आणि उतरताना तिचा काही अंश परत मिळतो. पण बॅटरी वरच्या ठिकाणी पूर्ण भारली असेल, तर परत येणारी वीज साठविण्यास जागाच राहत नाही आणि मोटरकडून मिळणारा रोध कमी पडतो. म्हणून या सोयीवर विसंबून साध्या ब्रेकांकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. भारणीचे ठिकाण माथ्यावर असल्यास बॅटरी काठोकाठ न भरणे इष्ट.

खरेदीपूर्वीची कसोटी

मोटरचे आवरण धूळ आणि पाणी यांपासून कितपत बंदिस्त आहे, हे ‘आयपी’ या संकेतांकाने कळते. ‘आयपी ६७’ यातील सहाचा अंक धुळीपासून पूर्ण संरक्षण दर्शवितो, तर सातचा अंक एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकण्याची क्षमता दर्शवितो. कोकणच्या पावसात याहून कमी प्रतीची मोटर घेणे परवडणारे नाही. गुंडाळीतील तापमान मोजून प्रवाह आपोआप कमी करणारी व्यवस्था कंट्रोलरमध्ये आहे किंवा नाही, हेही पाहावे.

तथापि शेवटची परीक्षा कागदावर होत नाही. वाहन पूर्ण भरून आपल्या मार्गावरील सर्वांत तीव्र चढावर उभे करावे आणि तेथून निघते का, ते पाहावे. मग न थांबता लागोपाठ तीन फेऱ्या कराव्यात आणि मोटरचे तापमान तपासावे. पहिली फेरी कोणतीही मोटर पार पाडते. तिसऱ्या फेरीअखेर तापमान स्थिर राहिले, तर निवड योग्य झाली असे समजावे. वाहने सामुदायिकरीत्या घेतली जाणार असतील, तर ही चाचणी खरेदीच्या अटींतच नमूद करणे श्रेयस्कर ठरेल.

हातरिक्षा ओढणाऱ्याला आपल्या वाटेवरचा प्रत्येक चढ पायांनी ठाऊक असतो. कोठे दम लागतो, कोठे पाय घसरतो, कोठे प्रवाशाला उतरावयास सांगावे लागते, ही माहिती कोणत्याही माहितीपत्रकात मिळणार नाही. मोटर निवडताना अभियंत्याच्या गणिताला या अनुभवाची जोड मिळाली, तर ज्या हातांनी आजवर रिक्षा ओढली त्या हातांत येणारे नवे वाहन त्यांना अनेक हंगाम भरवशाची साथ देईल.