मऊ प्लॅस्टिक आणि मूत्रपिंडावरील ग्रंथी

बोथ परिसरात घरभेटीला गेलो असता पुष्कळ घरी तेलाच्या डब्याशेजारी एक मऊ, पारदर्शक नळी आम्हांस दिसते. पंधरा किलोच्या डब्यातून गोडेतेल बाटलीत घेण्यासाठी ती ठेवलेली असते. सोय चांगली, पण या नळीविषयी चार शब्द सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

पी.व्ही.सी. हे प्लॅस्टिक मुळात कडक असते. विहिरीवरील ताठ पाइप त्याचाच. ते मऊ करण्यासाठी त्यात फ्थॅलेट जातीचे तेलकट द्रव मिसळतात, मऊ पी.व्ही.सी.त ते वजनाच्या 30-40 टक्क्यांपर्यंतही असू शकतात. हा द्रव प्लॅस्टिकला पक्का जोडलेला नसतो. कणकेत मोहन मुरावे तसा तो मुरलेला असतो. थंड पाण्यात फारसा उतरत नाही. तेलातुपात मात्र उतरतो, गरम असेल तर अधिकच. उन्हात पडलेली नळी काही वर्षांनी ताठ होऊन तडकते, त्याचे एक कारण हेच की मऊपणा देणारा द्रव निघून गेलेला असतो.

आता शरीरातील गोष्ट. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिला अ‍ॅड्रिनल म्हणतात. तिचा बाहेरचा थर कोलेस्टेरॉलपासून काही संप्रेरके बनवतो. त्यांतील कॉर्टिसॉल आजारात व उपाशीपोटी रक्तातील साखर आणि रक्तदाब सांभाळते. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडास मीठ राखून ठेवावयास सांगते. उन्हात दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगातून घामावाटे मीठ जाते, तेव्हा उरलेले मीठ लघवीवाटे वाया जाऊ नये याची काळजी हेच संप्रेरक घेते.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी गाभण उंदरांना डी.ई.एच.पी. नावाचे फ्थॅलेट दिले. पिलांना जन्मानंतर ते मुळीच दिले नव्हते. तरी नर पिले मोठी झाल्यावर त्यांच्या रक्तात अल्डोस्टेरॉन कमी आढळले. आम्हांस यातील हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते: खाल्ले आईने, उणीव राहिली लेकरात. अशा प्रयोगांतील मात्रा बहुधा आपल्या जेवणातून पोटात जाते तिच्यापेक्षा पुष्कळ मोठ्या असतात, आणि माणसांत एवढे स्पष्ट अद्याप सिद्ध झालेले नाही. म्हणून थकवा आला की प्लॅस्टिकला दोष देऊन घरी बसू नये; दवाखान्यात जावे. परंतु जे सहज टाळता येते ते, निदान घरात गरोदर सून असता, का टाळू नये? 2011 साली तैवानमध्ये सरबतांत व इतर पेयांत हेच द्रव्य पामतेलाऐवजी मिसळल्याचे उघड झाले, तेव्हा तेथील सरकारला दुकानांतून माल काढून घ्यावा लागला.

दुधाची पिशवी किंवा तेलाचा ताठ कॅन यांची धास्ती नको. ते वेगळ्या प्लॅस्टिकचे असतात. त्यांना मऊ करणारा द्रव सहसा लागत नाही. तरी कढत पदार्थ त्यांतही ओतू नये. तेल काढण्यास स्टीलचा डाव व नरसाळे घ्यावे, लोणचे चिनीमातीच्या बरणीत घालावे, आणि ती नळी परसात झाडांना पाणी घालावयास ठेवावी.