तंतूंच्या गाठीभेटी

भंडाऱ्यात रोवणीच्या दिवसांत चिखलणी झालेल्या बांधीच्या कोपऱ्यात वाऱ्यानं काडीकचरा आणि फेस लोटून आणलेला असतो. त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण तो चिमूटभर उचलून भिंगाखाली धरा. त्यात मोहरीएवढ्या, खरबरीत, तपकिरी गाठी सापडू शकतात. ऱ्हायझोक्टोनिया सोलानी या बुरशीच्या या गाठी मातीत निपचित पडून असतात. चिखलणीनं त्या मोकळ्या होतात आणि तरंगत येऊन धानाच्या बुंध्याला चिकटतात. मग पाण्याच्या रेषेजवळ तपकिरी काठाचे, मध्ये राखाडी असे लांबट डाग पडतात. हाच पर्णकोष करपा.

पंचाईत पुढेच आहे. पुष्कळशा बुरशी बीजाणूंच्या आकारावरून ओळखता येतात. ही मात्र एरवी बीजाणूच धरत नाही! सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात ते फक्त काटकोनात फुटलेले तंतू. धानावरची बुरशी असो, बटाट्यावरची असो की हरभऱ्याचं मूळ कुजवणारी, दिसायला सगळ्या सारख्याच. शेवटी शास्त्रज्ञांनी निवाडा तंतूंवरच सोपवला. ओळखीची आणि अनोळखी बुरशी शेजारी वाढवायची. एका गटातल्या असतील तर तंतू एकमेकांना भिडून जुळतात, नसतील तर ओलांडून निघून जातात. अशा भेटींतून तेरा गट ठरले. धानावरची बुरशी पहिल्या गटातली, उपगट आय-ए. ही परीक्षा सुंदर, पण वेळखाऊ, आणि पाहणाऱ्याची नजर तयार लागते.

आता तंतू वाटून डीएनए काढतात आणि त्यातली आयटीएस नावाची पट्टी वाचतात. पेशी ही पट्टी उतरवून घेते आणि कापून टाकते. तिच्यापासून काहीच घडत नाही, म्हणून तिच्यात बदल बिनधास्त साठत जातात. टाकाऊ तुकड्यावर कुळाची खूण! वाचण्याआधी या पट्टीच्या प्रती वाढवतात: पीसीआर यंत्रात तीस वेळा दुप्पट झाल्यावर एका प्रतीच्या शंभर कोटींहून जास्त प्रती होतात. हे काम करणारं विकर अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूकडून आलं. 2012 साली आयटीएस हीच बुरशींची अधिकृत ओळखपट्टी म्हणून सुचवली गेली.

ती सगळीकडे पुरत नाही. हरभरा उबळवणाऱ्या फ्युजेरियमसाठी दुसरी जनुकं वाचावी लागतात. शिवाय डीएनए मेलेल्या बुरशीचाही सापडतो, तेव्हा झाडावरचे डाग पाहणं काही सुटत नाही.

नाव कळण्याचा फायदा रोकडा आहे. धानावरचा हाच उपगट सोयाबीनवरही पडतो, त्यामुळे करपा आलेल्या बांधीत सोयाबीन घेतलं तर बुरशीला मेजवानीच. तपासणीसाठी नमुना देताना पूर्ण वाळलेलं झाड नेऊ नका. नुकतं आजारी पडलेलं, मुळासकट उपटलेलं झाड कागदात गुंडाळून त्याच दिवशी पोचवा.