अर्ध्या व्होल्टचा संसार

अवधपुरीत राहणाऱ्यांस विजेची ओळख करून देण्याचे कारण नाही. आपल्या वस्तीशेजारी भेलचा (भेळ नव्हे, भेल!) अवाढव्य कारखाना उभा आहे. १९५६ साली ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ ह्या नावाने त्याची स्थापना झाली आणि चार लक्ष व्होल्टांचा दाब सोसणारी रोहित्रे तेथे तयार होतात. तेव्हा वीज म्हटली की ती मोठी, गर्जणारी आणि दूर राहून पाहण्याची वस्तू, अशीच आपली समजूत असते. ह्या लेखात मात्र मी त्याच्या आठ लक्षांश दाबाची, म्हणजे अर्ध्या व्होल्टची गोष्ट सांगणार आहे.

ह्या विषयाची गोडी मला लागली ती आजीच्या श्रवणयंत्रामुळे. वाटाण्याएवढा एक सेल त्यात बसतो. त्यावरची चिकटपट्टी काढली की बारीक छिद्रांतून हवा आत शिरते, आतील जस्ताशी प्राणवायूचा संयोग होतो आणि सुमारे १.४ व्होल्टांचा दाब मिळू लागतो. बरेच दिवस हा दाब जवळजवळ स्थिर राहतो आणि मग एकाएकी कोसळतो. गेल्या वर्षी घरातील लग्नात, अगदी मंगलाष्टके चालू असताना, तो असाच कोसळला. आजी सर्वांकडे पाहून हसत होती; तिला एक अक्षरही ऐकू येत नव्हते, हे आम्हांस संध्याकाळी समजले.

अशा यंत्रात मायक्रोफोनच्या पाठोपाठ जो पहिला भाग येतो, तो म्हणजे प्रवर्धक. साध्या बोलण्याने मायक्रोफोनमध्ये उमटणारा संकेत व्होल्टाच्या काही दशसहस्रांश भागांइतका असतो. कुजबुज असेल तर मायक्रोव्होल्टांतच मोजावा लागतो. त्याचा आकार न बिघडवता त्याला मोठे करावयाचे, हे प्रवर्धकाचे काम. आजची यंत्रे पुढे त्या ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करून हिशेब करतात हे खरे. परंतु हवेतील ध्वनी काही आकड्यांत येत नाही. म्हणून दारावरचा हा पहिला पहारेकरी अखंड चढउतारांचा, म्हणजे अ‍ॅनालॉग पद्धतीचाच असावा लागतो. (ट्रान्झिस्टर प्रथम बाजारात आला तोही १९५२-५३ च्या सुमारास श्रवणयंत्रांतूनच. ग्रॅहॅम बेल ह्यांनी बधिरांसाठी केलेल्या कार्याच्या स्मरणार्थ त्या यंत्रांकरिता पेटंटचे शुल्क माफ करण्यात आले होते.)

आता ट्रान्झिस्टर म्हणजे काय? नळाची तोटी डोळ्यांपुढे आणा. तोटी थोडी फिरविली की पाण्याची धार पुष्कळ बदलते. ट्रान्झिस्टरची तोटी म्हणजे त्याचे ‘गेट’. तेथील दाब किंचित बदलला की प्रवाह बराच बदलतो. मात्र ही तोटी काहीशी जाम असते. गेटवर सुमारे ०.४ ते ०.५ व्होल्ट दिल्याखेरीज धार नीट सुरू होत नाही. ह्यास आपण उंबरठा म्हणू. पूर्वी चिप पाच व्होल्टांवर चालत, तेव्हा ह्या उंबरठ्याची कोणास फिकीर नव्हती. पुढे ट्रान्झिस्टर लहान होत गेले, त्यांच्या नाजूक थरांना जास्त दाब सोसेना, आणि पाचाचे ३.३, मग १.८, मग एक व्होल्ट झाले. उंबरठा मात्र त्या प्रमाणात खाली आला नाही. तो फार खाली आणला तर बंद तोट्याही गळू लागतात, आणि एका चिपवर अशा कोट्यवधी तोट्या असतात!

आकड्यांची गणिते करणाऱ्या मंडलांना कमी दाब मानवतो. व्होल्ट निम्मे केले की त्यांच्या दर हिशेबामागे लागणारी ऊर्जा चौथाईवर येते. प्रवर्धकाचे दुर्दैव असे की त्याला हा लाभ आपोआप मिळत नाही. अणूंच्या उष्णतेमुळे प्रत्येक मंडलात एक बारीक खरखर सदैव चालू असते आणि दाब कमी केला म्हणून ती कमी होत नाही. खोलीचे छत खाली आले, पण जमिनीवरचा कचरा तेवढाच राहिला, असा हा प्रकार. निम्म्या उंचीचा संकेत पूर्वीइतकाच स्वच्छ ठेवावयाचा तर कपॅसिटर चौपट मोठा घ्यावा लागतो, आणि तो हलविण्यास प्रवाहही तितकाच अधिक. म्हणजे काटकसर करावयास जावे आणि खर्च वाढावा!

दुसरी अडचण जागेची. उत्तम प्रवर्धन मिळावे म्हणून पूर्वी चार-पाच ट्रान्झिस्टर एकावर एक रचीत. प्रत्येकास स्वतःपुरता निदान दशांश व्होल्ट तरी हवा. अर्ध्या व्होल्टात चार रचले तर ०.४ संपले; संकेताला हालचाल करण्यास उरले अवघे ०.१. म्हणून मजले चढविण्याऐवजी चाळीतल्या खोल्यांप्रमाणे टप्पे एकापुढे एक मांडतात. प्रत्येक टप्प्याने वीसपट वाढ केली तर तीन टप्प्यांत आठ हजारपट होते. परंतु प्रत्येक टप्पा संकेताला थोडा उशीर लावतो. प्रवर्धकाला ताब्यात ठेवण्यासाठी त्याच्या बाहेरच्या टोकाचा काही अंश पुन्हा आत वळविलेला असतो. तो उशिरा पोचला की आवरण्याऐवजी चिथावू लागतो. स्नेहसंमेलनात ध्वनिवर्धकासमोर माइक नेला की कर्कश शीळ उठते, त्याच जातीचा हा उपद्रव. योग्य जागी छोटा कपॅसिटर घालून तो शमवितात, आणि कोठे, केवढा, हे ठरविण्यातच ह्या विद्येचे निम्मे कसब आहे असे मला वाटते.

उंबरठ्याचे काय? स्वित्झर्लंडमध्ये मनगटी घड्याळांसाठी मंडले रचताना व्हितो आणि फेलराथ ह्यांनी १९७७ साली दाखवून दिले की उंबरठा ओलांडण्याचा हट्टच धरू नये. त्याच्या अलीकडेही थेंबथेंब प्रवाह असतोच. गेटवर साठ ते नव्वद मिलिव्होल्ट वाढले की तो दसपट होतो. काम मंद चालते खरे. पण मानवी कानाला सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपने ऐकूच येत नाहीत. तेथे घाई कोणास आहे?

दुसरी युक्ती मला अधिक मोहक वाटते. ट्रान्झिस्टरला चौथे टोक असते, ते म्हणजे त्याचा देह, ज्यावर तो घडविला ती सिलिकॉनची बैठक. एरवी हे टोक स्वस्थ बांधून ठेवतात, कारण तेथे सुमारे ०.६ व्होल्ट पडले की भलतीकडूनच प्रवाह वाहू लागतो. परंतु सारा संसारच अर्ध्या व्होल्टचा असेल तर ते ०.६ येणार कोठून? दारिद्र्यानेच भीती घालविली! संकेत देहातून आत घेतला की गेटचा उंबरठा आड येत नाही. प्रवर्धन काहीसे दुबळे मिळते, एवढेच. शौरी चटर्जी, यानिस त्सिविदिस आणि पीटर किंगेट ह्यांनी २००५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून असे अर्ध्या व्होल्टवर चालणारे प्रवर्धक प्रसिद्ध केले. त्यांपैकी चटर्जी पुढे दिल्लीच्या आय. आय. टी.त प्राध्यापक झाले.

मुंबईस पवईच्या आय. आय. टी.त ‘सिलिकॉन लॉकेट’ नावाचे, गळ्यात घालून हृदयाचा आलेख टिपण्याचे उपकरण विकसित करण्यात आले. छातीवर मिळणारा हृदयाचा संकेत जेमतेम एक मिलिव्होल्ट असतो. तेथेही प्रश्न तोच, कुजबुज टिपावयाची आणि सेल जपावयाचा.

अर्धा व्होल्ट हाच आकडा का, असे कोणी विचारील. सिलिकॉनचा एकच सौर घट उन्हात ठेवला तर तो सुमारे ०.५ ते ०.६ व्होल्ट देतो. प्रवर्धक तेवढ्यावर भागवू शकला, तर दाब चढविणारे वेगळे मंडल मध्ये घालावे लागत नाही. आजीच्या चष्म्याच्या काडीवर बसेल एवढा काळसर तुकडा आणि भोपाळचे ऊन, एवढी सामग्री त्या पहिल्या पहारेकऱ्यास पुरेल.